मदत हवी आहे : ऑस्ट्रेलियन टीव्हीच्या तारखा, नेमकी कुठली धरायची?

ऑस्ट्रेलियन टीव्हीच्या पहिल्या प्रक्षेपणांचा तक्ता करतोय. सिडनीचं टीसीएन-९ केंद्र १६ सप्टेंबर १९५६, मेलबर्नचं एचएसव्ही-७ ४ नोव्हेंबर, एबीसीचं (सार्वजनिक प्रसारण संस्था) सिडनी केंद्र ५ नोव्हेंबर, इथवर ठीक.

घोळ मेलबर्नच्याच जीटीव्ही-९ केंद्राचा. २२ नोव्हेंबरला सुरू झालेलं मेलबर्न ऑलिंपिक त्यांनी चाचणी प्रक्षेपणात दाखवलं, पण अधिकृत उद्घाटन १९ जानेवारी १९५७ चं. दोन रकाने करावेत की एकच तारीख?

दुसरी अडचण मालिकांची. तेव्हा देशभर एकाच दिवशी प्रक्षेपण नसे, शहरागणिक तारीख बदलायची. 'होमिसाइड' २० ऑक्टोबर १९६४ ला सुरू झाली ती मेलबर्नमध्ये. सिडनीची तारीख वेगळी शोधावी लागते. 'ट्रोव्ह'वर (ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ऑनलाइन संग्रह) बहुतेक दैनिकं १९५४ पर्यंतच, म्हणजे टीव्ही येण्याआधीच संपतात! 'कॅनबेरा टाइम्स' पुढे १९९५ पर्यंत मिळतो, पण त्यात सिडनी-मेलबर्नचं रोजचं वेळापत्रक धरून चालता येत नाही.

मेलबर्न-सिडनीतल्या मंडळींपैकी कुणी राज्य ग्रंथालयात मायक्रोफिल्म पाहिलीय का? १९६४-६५ चं टीव्हीचं पान हवंय. फोटो काढाल तर अंकाची तारीख आणि पान क्रमांक चौकटीत येऊ द्या.

आणि हो, टीसीएन-९ च्या पहिल्या दिवशी प्रेक्षकांचं स्वागत करणारा निवेदक ब्रूस गिंगेल, त्याची ती प्रसिद्ध स्वागताची फीत पुरावा म्हणून पाठवू नका, ती नंतर पुन्हा चित्रित केलेली आहे.