शब्द हवा : ‘विथड्रॉवल पीरियड’

भाषांतरी : गायीच्या दगडीवरच्या (कासदाह), सडात सोडायच्या औषधाच्या ट्यूबच्या माहितीपत्रकाचं मराठी चालू आहे. ‘विथड्रॉवल पीरियड’ला, म्हणजे शेवटच्या डोसनंतर जनावराचं दूध-मांस वापरायचं नाही त्या मुदतीला, काय लिहावं? आधीच्या मसुद्यात ‘औषध-विराम काळ : ७ दिवस’ होतं. वाचणाऱ्यांनी अर्थ घेतला, ७ दिवस औषध थांबवायचं, मग पुन्हा सुरू. थांबवायचंय दूध!

धारोष्ण : गोठ्यात काळ मोजत नाहीत, धारा मोजतात. दोन वेळचं दूध असेल तर ७ दिवस म्हणजे १४ धारा, त्याही शेवटच्या ट्यूबनंतरच्या. हे आधी लिहा, शब्द मागाहून शोधा. आणि ट्यूब एकाच सडात सोडली तरी चारही सडांचं दूध बाजूला काढायचं, कारण औषध रक्तात उतरून बाकीच्या सडांतही येतं. ते दूध वासराला पाजू नये, हेही घाला. थोडंथोडं औषध पोटात जात राहिलं की वासराच्या शेणातून औषधाला दाद न देणारे जंतू पडू लागतात.

अनुस्वार : ‘पथ्यकाळ’. तीन अक्षरी काम.

खुरपी : चार अक्षरं आहेत. आणि आजारी गाय, पथ्य गिऱ्हाइकाला? त्यापेक्षा सरळ ‘सुतक’ म्हणा. दिवस मोजायचे असतात हे कुणाला शिकवावं लागत नाही.

अनुस्वार : सुतकाचे दिवस ठरलेले, हे औषधागणिक बदलतात. शिवाय दुभत्या जनावराच्या कागदावर सुतक कोण छापेल? ‘वर्ज्यकाळ’ घ्या.

कोंबडनामा : शब्द दुधापुरता करू नका. २०१२ पासून आपल्या औषध नियमांत आहे : एखाद्या औषधाची अशी मुदत ठरलेली नसेल तर दूध-अंड्यांना किमान ७ दिवस, कोंबडी व जनावरांच्या मांसाला २८, माशांना ५०० अंशदिवस. आता ब्रॉयलर ४० दिवसांच्या आसपास विकतात. अशा औषधाचा शेवटचा डोस २० व्या दिवशी पडला तर पक्षी ४८ व्या दिवसापर्यंत सांभाळायचा. वरच्या ८ दिवसांचं खाद्य कुणाच्या खिशातून? नियम मोडतो तो इथे.

भाषांतरी : अंशदिवस?

कोंबडनामा : पाण्याचं तापमान गुणिले दिवस. २५ अंशांना २० दिवस, २० अंशांना २५. गार पाण्यात मासा औषध सावकाश बाहेर टाकतो.

खुरपी : पत्रकात पुढे ‘प्रतिरोधक जिवाणू’ असेलच. ते ‘कोडगे जंतू’ करा. ‘प्रतिरोधक’ वाचून लशीसारखं काहीतरी चांगलंच वाटतं. आणि ‘शरीराला औषधाची सवय होते’ तर मुळीच नको. सरावतो तो जंतू, शरीर नव्हे.

अनुस्वार : ‘प्रतिरोधी’ असा रुळलेला शब्द असताना कोडगे कशाला?

कोंबडनामा : कोडगेपणा ज्याचा त्याच्यापाशी राहतो, जंतूंचा हा गुण हातोहात जातो. कोलिस्टिन पाहा. माणसांत बाकीची औषधं थकल्यावर काढायचं ते, आणि कोंबड्यांच्या खाद्यात वजनवाढीसाठी मिसळलं जायचं. २०१५ मध्ये चीनमधून एमसीआर-१ जनुकाचा शोध जाहीर झाला; ते असलं की जंतू कोलिस्टिनला दाद देत नाही. ते प्लास्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर बसलेलं. हे कडं एका जातीचा जिवाणू दुसऱ्या जातीच्या जिवाणूला देऊ शकतो. आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये खाण्यासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिनवर बंदी आली.

धारोष्ण : पण पत्रकात गल्लत नको. वर्ज्यकाळ म्हणा की सुतक, त्यानं दूध-मांसातला औषधाचा अंश मर्यादेखाली येतो. दाद न देणारे जंतू दिवस भरले म्हणून जात नाहीत. ते शेणातून, हातांवरून, कच्चं मांस कापलेल्या सुरीवरून फिरतात. उकळण्याचं नेमकं उलटं : जंतू मरतात, औषध पुष्कळसं राहतं. अशा दुधाला मग विरजण लागत नाही.

अनुस्वार : लागतं ते दही. विरजण लावतात.

खुरपी : विरजण घालतात.

भाषांतरी : पत्रक सोमवारी छापायला जातंय. नुसतं ‘दूध बंद : १४ धारा’ लिहू का?

अनुस्वार : ‘घालतात’ कुठे म्हणतात?