मदत हवी आहे: जुन्या लेगो ८८८० गाडीचा गिअरबॉक्स पोकळ फिरतोय

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, शहापूर भागातला. भाच्याच्या हट्टापायी म्हापशाच्या एका घरातून लेगोचं पोतं आणलं. त्यांची मुलं मोठी होऊन बाहेरगावी गेलेली, घर आवरायला काढलं होतं. खोका नाही, पुस्तिका नाही, नुसती खिचडी. घरी येऊन ओतल्यावर डिफरन्शियल आणि व्ही-८ इंजिनचे तुकडे दिसले तेव्हा ओळख पटली: टेक्निक (लेगोची गिअर-अ‍ॅक्सलवाली यांत्रिक मालिका) ८८८०, १९९४ची सुपर कार. तेराशेवर तुकडे, चारही चाकांना ड्राइव्ह, चारही चाकं वळतात, शिवाय चार गिअर.

पुस्तिकेचं स्कॅन नेटवर मिळालं, त्यावरून बांधतोय. काळ्या पट्ट्या कमी पडल्या तिथं लाल-पिवळ्या लावल्यात. गाडी जत्रेतली दिसतेय, दिसू दे की.

अडलंय गिअरबॉक्सवर. एका बाजूचे दोन गिअर झकास पडतात, पिस्टन हलतात. दुसऱ्या बाजूला गिअरला अ‍ॅक्सलशी जोडणारी काळी रिंग सरकवली की ती गिअरमध्ये अडकते, टक असा आवाजही येतो, पण अ‍ॅक्सल आतल्या आत पोकळ फिरतो. शिवाय सांगाड्यात बसवल्यावर सगळंच जड होतं. बाहेर काढलं तर हलकं. दात तपासले, एकही झिजलेला नाही. उद्यमबागेत लेथ चालवणारा मित्र म्हणतो, माप दे, पितळेचा गिअर कातून देतो. त्याआधी इथं विचारतोय.

निपाणीकर: पितळ राहू दे ओ, प्लास्टिकचे दात खाऊन टाकेल. ती रिंग काढा. खाली दोन अ‍ॅक्सल जोडणारा नळीसारखा तुकडा आहे, त्याच्या अंगावर उभ्या खाचा आहेत का? त्या खाचांमुळेच रिंग अ‍ॅक्सलबरोबर फिरते. नंतरच्या सेटमध्ये तसाच पण गुळगुळीत तुकडा येतो. लांबी तीच, भोक तेच, रिंग त्यावर सरकते पण पकडत नाही. रंगही बघा. २००४ साली लेगोनं राखाडी रंग बदलला. जुना थोडा उबदार, नवा निळसर. १९९४च्या सेटमध्ये निळसर राखाडी दिसला तर तो मागून घुसलाय.

शहापूरकर: गुळगुळीतच आहे! आणि निळसर. ट्यूबलाइटखाली दोन्ही सारखेच दिसत होते, सकाळी खिडकीत धरले तेव्हा फरक कळला. आता जडपणाचं काय?

खानापूर रोड: सांगाड्यात एकावर एक बीम (भोकं असलेल्या लांब विटा) आहेत, त्यांच्यामध्ये पातळ प्लेटा किती लावल्यात? वीट ९.६ मिमी उंच, प्लेट ३.२ मिमी, आणि आडवी भोकं ८ मिमीवर. दोन बीममध्ये दोन प्लेटा ठेवल्या की भोकापासून भोक १६ मिमीवर येतं, म्हणजे उभं माप आडव्या मापाशी जुळतं. एक प्लेट राहिली की उभी पट्टी पिनेनं ओढून बसवावी लागते, सांगाडा वाकतो आणि अ‍ॅक्सल भोकात घासतो. विटांवर बटणं असलेल्या जुन्या टेक्निकमध्ये निम्मी दुखणी इथलीच.

आणि रिंगेच्या दोन्ही बाजूंचे १६ दातांचे गिअर अ‍ॅक्सलवर मोकळे फिरतात ना तेही बघा. रिंग मधोमध ठेवून बोटानं फिरवायचे. त्यांचं भोक गोल हवं, अधिक चिन्हाचं नको.

शहापूरकर: गिअरची भोकं गोल आहेत. प्लेट मात्र उजवीकडे एकच निघाली, पोत्यातून दुसरी शोधून घातली. आता अ‍ॅक्सल फुंकरीनं फिरतोय. उरला तो खाचांचा तुकडा. पोतं पुन्हा चाळलं, नाही. बेळगाव, कोल्हापूर किंवा गोव्याकडं कुणाजवळ १९९४ ते २००० दरम्यानच्या टेक्निकचे सुटे भाग असतील तर व्यनि (खासगी निरोप) करा. रंग कुठलाही चालेल, पोस्टाचा खर्च माझा.