मदत हवी आहे: डाउनहिल सायकलच्या हँडलची आधी उंची ठरवावी की रुंदी?

नमस्कार मंडळी,

इथे डाउनहिल, म्हणजे डोंगरउतारावरून सायकल वेगात खाली नेण्याचा खेळ, करणारं कुणी असेल तर सल्ला हवा आहे. मी व्हँकुवरला राहते आणि सीझन सुरू झाला की व्हिसलरच्या बाइक पार्कात जाते. सायकल सेकंडहँड आहे. मीडियम फ्रेम, पुढे दोन क्राउनचा (फोर्कचे दोन पाय जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या) २०० मिमी ट्रॅव्हलचा, म्हणजे तेवढा दबणारा, बॉक्सर फोर्क, ५० मिमीचा डायरेक्ट माउंट स्टेम (हँडल धरणारा, थेट वरच्या क्राउनवर बसणारा तुकडा). हँडल कार्बनचं, ८०० मिमी रुंद, राइज (मध्यापेक्षा टोकं जेवढी वर असतात ती उंची) २० मिमी. माझी उंची १६३ सेंमी, खांदे अरुंद.

ए-लाइनसारख्या बांधीव वळणांच्या, उड्यांच्या ट्रेलवर काही तक्रार नाही. पण श्लेयरसारख्या मुळं-दगडांच्या उतारात शिरलं की माझे हात कोपरात सरळ होतात आणि मग चाकाखाली आलेला प्रत्येक दगड थेट खांद्यात जाणवतो. चिंचोळ्या डाव्या वळणावर उजवा हात पुरता ताणला जातो, हँडल हवं तेवढं वळवताच येत नाही. खाली पोचेपर्यंत करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या आलेल्या असतात.

एका दुकानात सांगितलं, सरळ ७४० ला कापून टाका. सोबत येणारा मित्र म्हणतो, रुंदी राहू दे, जास्त राइजचा बार (हँडल) घे. दोघांचंही म्हणणं ऐकताना पटतं. पण कापलेला बार परत वाढवता येत नाही, आणि दोन्ही एकदम बदललं तर गुण कशाचा आला ते कळणार नाही. सुरुवात कुठून करू? उंची किती वाढवली म्हणजे जास्त होते, ते ओळखायचं कसं? हा खेळ मला मनापासून आवडतो. उभ्या उतारावर घाबरून नाही, नीट उभं राहून जायचं आहे.

पानेवाला:

आधी उंची. उतार उभा झाला की सायकलचं नाक खाली जातं आणि पायांच्या मानाने हँडल आणखी खाली, आणखी पुढे जातं. ते मुळातच बसकं असेल तर दोनच वाटा उरतात. एक तर छाती हँडलवर न्यायची, मग पुढे फेकलं जाण्याची भीती. नाही तर ढुंगण मागच्या चाकावर न्यायचं, म्हणजे हात सरळ. हात सरळ झाले की धक्का खायला कोपर उरत नाही, शिवाय नेमकं ब्रेक मारायच्या जागी पुढच्या टायरवरचं वजन जातं. तुमचं हेच होतंय. हँडल वर आलं की टाचा खाली दाबून, कोपरं वाकवून मध्यावर उभं राहता येतं.

नवा बार घेण्याआधी स्टेमखाली स्पेसर (उंची वाढवणारी चकती) घालून बघा. डायरेक्ट माउंटला ५ आणि १० मिमीचे मिळतात. बोल्ट मात्र तेवढेच लांब घ्यावे लागतात, जुने आखूड बोल्ट क्राउनमध्ये पुरेसे आटे धरणार नाहीत. आणखी एक गोष्ट: स्पेसरने हँडल नुसतं वर जात नाही, मागेही येतं. हेड अँगल (फोर्कची नळी जमिनीशी करते तो कोन) ६३ अंश धरला तर २० मिमी स्पेसरने हात साधारण १८ मिमी वर आणि ९ मिमी मागे येतात. मीडियम फ्रेम तुमच्या उंचीला लांबच पडत असणार, तेव्हा हे मागे येणं तुमच्या फायद्याचंच आहे.

काही जण फोर्कचे पाय क्राउनमधून सरकवून पुढची बाजू उचलतात. त्याने हेड अँगल बदलतो, बॉटम ब्रॅकेटची (पेडलच्या आसाची) उंचीही बदलते. आत्ता त्याला हात लावू नका.

जास्त झालं हे सपाट वळण सांगतं, जिथे कडेला बांध नाही तिथलं. पुढचं चाक हलकं वाटून बाहेर घसरायला लागलं आणि ते टेकवायला मुद्दाम पुढे झुकावं लागलं, की ५ मिमी खाली या. उंची बदलली की ब्रेक लिव्हरचा कोन नव्याने लावा आणि फोर्कचा सॅग (नुसतं वर उभं राहिल्यावर तो जेवढा दबतो ते माप) परत मोजा, कारण पुढचा भार कमी झालेला असतो.

उतारकरी:

पानेवाल्यांशी सहमत, मी फक्त रुंदीबद्दल लिहितो. मी पुण्यात वेताळ टेकडीवर ट्रेल बाइक चालवतो, डाउनहिलचा अनुभव तुमच्याएवढा नाही, पण हँडल कापायचं की नाही या विचारातून गेलो आहे.

बार ८०० चा आला म्हणून ते तुमचं माप होत नाही. कंपन्या रुंद देतात, कारण कमी करणं शक्य असतं. घरी जोर काढायच्या स्थितीत या, हात जिथे सगळ्यात जास्त ताकद लागेल तिथे आपोआप पडू द्या आणि दोन्ही तळव्यांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर कुणाला तरी मोजायला सांगा. सुरुवातीला तो आकडा धरायला हरकत नाही. रुंद बार वेगात दगडांवरून जाताना स्थिर राहतो, पण छातीला पुढे-खाली ओढतो आणि वळणावर बाहेरच्या हाताचा आवाका संपवतो. अरुंद बार चटकन वळतो, पण फार अरुंद केला तर दगड चाक हिसकावून घेतो. म्हणून एकदम ७४० नको.

न कापता बघता येतं. ग्रिप टोकाला उघड्या असतील तर दोन्ही बाजूंनी १०-१० मिमी आत सरकवा, ब्रेकही तेवढेच आत घ्या. बारची टोकं बाहेर राहतील, त्यांना प्लग लावा आणि सोप्या ट्रेलवरच चालवा. तसंच पडलात तर ते टोक लागतं.

मूळ धागाकर्ती:

दोघांचे मनापासून आभार. जोर काढून मोजलं, अंतर ७६० च्या आसपास भरलं. १० मिमी स्पेसर घातला आणि उभ्या उतारावर खांद्यांना लगेच फरक जाणवला. ग्रिप ७६० पर्यंत आत घेतल्यावर डावं वळणही सुटलं. करंगळीच्या मुंग्या कमी झाल्या आहेत, गेल्या नाहीत. आता स्पेसर काढून ४० मिमी राइजचा ॲल्युमिनियम बार घ्यावा म्हणते. घेताना आणि कापताना काय बघू?

पानेवाला:

आधी क्लॅम्पचं (स्टेम बारला जिथे पकडतो तिथल्या जाडीचं) माप बघा: ३१.८ की ३५ मिमी. स्टेमशी जुळलंच पाहिजे, पत्री घालून जमवायचा प्रकार इथे चालत नाही. जास्त राइजच्या बारला वाक मोठा असतो, टोकाकडचा सरळ भाग कमी उरतो. ७६० ला कापल्यावर ग्रिप, ब्रेक आणि गिअर लिव्हर त्या सरळ भागात बसतात का ते दुकानातच पाहून घ्या.

माप मध्यापासून घ्या, ७६० साठी दोन्हीकडे ३८० मिमी. पण एकदम तिथे जाऊ नका: आधी ७८० ला कापा, चालवा, मग पुढचं. टेप गुंडाळून इंचाला ३२ दात असलेल्या पात्याने कापा आणि आतली-बाहेरची धार कानशीने मारा, नाही तर ग्रिप चिरते. जुना कार्बन बार कापायची वेळ आली तर पातं आणि बार ओले ठेवा, मास्क लावा, आणि कंपनीने दिलेल्या किमान रुंदीच्या आत जाऊ नका.

स्टेमचे बोल्ट टॉर्क रेंचने, स्टेमवर छापलेल्या आकड्याला. मग हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ब्रेकचे होज आणि गिअरची केबल ताणली जात नाही ना ते बघा. २० मिमी वर गेलं की मागच्या ब्रेकचा होज पहिला अपुरा पडतो.

मुंग्यांसाठी बार क्लॅम्पमध्ये अगदी थोडा पुढे-मागे फिरवून बघा, म्हणजे तळव्याच्या बाहेरच्या कडेवरचा दाब बदलेल. तिथूनच करंगळीची नस जाते. तरीही सायकलवरून उतरल्यावर मुंग्या रेंगाळत असतील तर डॉक्टरांना दाखवा.