चिकन ६५ चा मसाला तेलात सुटतो, काय चुकतंय?

इचलकरंजीचा_पोरगा

मंडळी, दीड वर्ष झालं नोकरीसाठी चेन्नईत आहे. गल्लीच्या तोंडाशी एक साधं हॉटेल आहे. दुपारी केळीच्या पानावर मील्स, संध्याकाळी सातनंतर परोटा आणि चिकन ६५. टेबलाचा सनमायका उडालेला, पंख्याला वाऱ्यापेक्षा आवाज जास्त. इतके दिवस परोट्यावरच भागवत होतो, गेल्या आठवड्यात पहिल्यांदा ६५ मागवलं.

माझ्या डोक्यात ६५ म्हणजे आमच्याकडचा गाडा. शंभर ग्रॅम, पाव किलो असं तोलून घ्यायचं, जाड लालभडक कोटिंग, वर कांदा-कोबी आणि लिंबू. इथं स्टीलच्या ताटलीत आठ तुकडे आले, त्यातले तीन हाडासकट. पीठ जवळजवळ नाहीच. मसाला चिकनच्या अंगाला लिंपल्यासारखा, काळपट लाल. वर मूठभर तळलेला कढीपत्ता, बोटानं दाबला की चुरा होणारा.

पहिल्या दोन तुकड्यांना म्हटलं, एवढंच होय? चौथ्याला कान तापले. पाणी प्यालो, तर आणखी पेटलं. डोळ्यांत पाणी बघून शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी काही न बोलता त्यांची दह्यातल्या कांद्याची वाटी माझ्यापुढं सरकवली.

आता मुद्दा. रविवारी खोलीवर करून बघितलं. दोन मिनिटांत सगळा मसाला तेलात, तेल काळं आणि चिकन पांढरं. रूममेट म्हणाला, उकडलेलं बरं लागलं असतं. मसाला चिकटून राहायला काय करावं? आणि ते तिखट इतकं उशिरा का चढतं?

पाटावरवंटा

चिकन धुतल्यावर निथळलं होतंस का? नसणारच. सगळ्यांची गाडी तिथंच घसरते. धुऊन चाळणीत अर्धा तास ठेव, मग फडक्यानं टिप. मसाल्यात पाण्याचा थेंब घालायचा नाही, लिंबाचा रस आणि आलं-लसणाचा ओलावा पुरतो.

अर्धा किलोला दोन चमचे कॉर्नफ्लोर, एक चमचा तांदळाचं पीठ आणि एक अंडं. हातानं चोळ, चमच्यानं ढवळू नकोस. तासभर फ्रिजमध्ये ठेव. तुकडा उचलल्यावर मसाला खाली ओघळला तर पीठ अजून चमचाभर लागेल.

तेल काळं झालं म्हणजे लसूण भरड वाटला होतास. ते कण सुटतात आणि जळतात. गंधासारखा बारीक वाट. कढईत एका वेळी सहा-सात तुकडेच सोड आणि पहिलं मिनिटभर झारा लावू नकोस! तिथंच कवच धरतं. आच मध्यम ठेव, मोठ्या आचेवर मिरचीपूड करपते आणि हाडाजवळ कच्चं राहतं. कढीपत्ता सगळ्यात शेवटी, पुसून कोरडा करून. ओला टाकलास तर तेल अंगावर येईल, माझ्या मनगटावर अजून डाग आहे.

मद्रासरिटर्न

नऊ वर्षं काढली तिथं, म्हणून चोंबडेपणा करतो. हा पदार्थ चेन्नईचाच. ए. एम. बुहारींनी माउंट रोडवर १९५१ साली हॉटेल काढलं. त्या हॉटेलचं सांगणं असं की १९६५ मध्ये ही डिश आली म्हणून तिचं नाव ६५. पुढं त्यांनी चिकन ७८, ८२ आणि ९० पण आणली, पण ती कुणाच्या तोंडी बसली नाहीत. पासष्ट दिवसांची कोंबडी, पासष्ट मिरच्या वगैरे कथा ऐकायला मजा येते. पासष्ट मिरच्या घालून खाणारा माणूस मला तरी भेटलेला नाही.

तिखटाचं म्हणशील, तर मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. त्यामुळं पाणी प्यालं की ते जिभेवर फक्त पसरतं. एकेक घासागणिक त्याची आग साचत जाते, म्हणून चौथ्या तुकड्याला कळलं. दुधा-दह्यातलं केसीन नावाचं प्रथिन ते धरून ठेवतं. आजोबांना केसीन माहीत असो-नसो, वाटी बरोबर सरकवली.

रंकाळ्याची_हवा

गाड्याला नावं ठेवू नका ओ, आमचं आख्खं कॉलेज त्यावर झालं 😄 पण खरं सांगायचं तर तो लालभडकपणा बऱ्याच ठिकाणी बाटलीतला असतो. कर्नाटकानं जून २०२४ मध्ये कबाबात कृत्रिम रंग घालायला बंदीच केली. घरी रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी घ्या. ब्याडगी दिसायला रागीट, स्वभावानं गरीब. नुसती तीच घातली तर कान तापायचे नाहीत.

आणि उरलेलं काळं तेल पुन्हा तळणीला वापरू नका.

इचलकरंजीचा_पोरगा

पाटावरवंटा, दंडवत! काल केलं. टिपून घेतलं, लसूण गंधासारखा वाटला, झारा लावला नाही (हात शिवशिवत होते). मसाला चिकटला! तेल शेवटपर्यंत स्वच्छ राहिलं. संकेश्वरी इथं कुठं मिळणार, आईनं दिलेली कांदा-लसूण चटणी दोन चमचे घातली. त्यामुळं चव चेन्नईची नाही आणि गाड्याचीही नाही, पण रूममेटनं ताटली पुसून खाल्ली.

फक्त कवच हॉटेलातल्यापेक्षा जाड आणि थोडं मऊ आलं. आज परोटा घेताना मोडक्यातोडक्या तमिळमध्ये हॉटेलवाल्याला विचारलं, अंडं घालता का? तो झारा हलवत म्हणाला, "मुट्टै इल्लै." म्हणजे अंडं नाही.

मग पाटावरवंटा, अंडं काढू का? अर्धा किलो आणून ठेवलंय. पाव किलोत घालतो, पाव किलोत नाही. कुठलं कुठलं ते रूममेटला सांगणार नाही.