परराष्ट्र सेवा: पसंतीक्रमात तुम्ही ती कुठे टाकलीत, आणि पुढे काय झालं?

केंद्रीय लोकसेवा आयोगाचा निकाल लागला की गावोगावी सत्कार सुरू होतात. कलेक्टर होणाऱ्यांची, एसपी होणाऱ्यांची भाषणं आपण ऐकतो. परराष्ट्र सेवेत गेलेला किंवा जायची इच्छा असलेला माणूस मात्र क्वचितच बोलताना दिसतो. मी राज्यशास्त्र शिकवते. दरवर्षी दोन-तीन मुलं तरी येऊन विचारतात, "मॅडम, आयएफएस (परराष्ट्र सेवा) पहिली टाकू का?" पुस्तकातून याचं उत्तर देता येत नाही, म्हणून हा धागा.

नव्यांसाठी थोडक्यात: या सेवेसाठी वेगळी परीक्षा नाही. पूर्व, १७५० गुणांची मुख्य आणि २७५ गुणांची मुलाखत, हे सगळं कलेक्टर होणाऱ्यांबरोबरच. मुख्य आणि मुलाखतीच्या गुणांवरून क्रमांक लागतो. तो क्रमांक, प्रवर्ग आणि आपण भरलेला पसंतीक्रम यांवर सेवा ठरते. २०२३ च्या परीक्षेतून १०१६ जणांची शिफारस झाली, त्यात परराष्ट्र सेवेच्या जागा होत्या ३७. आयुष्य कुठे काढायचं हे एका फॉर्मवर ठरतं आणि मुलं तो शेवटच्या तारखेला कुणाला तरी फोन करून भरतात, याची मला खरंच काळजी वाटते. अभ्यास कसा केला हे कृपया इथे नको, ते सगळीकडे मिळतं. निर्णय कसा घेतलात ते लिहा.

सांगली जिल्हा, कृषी पदवीधर

मी आयएफएस पहिली टाकली होती. मुख्य परीक्षा मराठीतून, वैकल्पिक विषय मराठी साहित्य. मुलाखतही मराठीतूनच मागितली. आयोगाच्या दिल्लीतल्या धोलपूर हाउसमध्ये गोल टेबलाशी बसलो, शेजारी दुभाषी. मी बोलायचो, ते हिंदी-इंग्रजीतून बोर्डाला सांगायचे. दोन-चार वाक्यांतच कळलं की लांबलचक बोललो तर अर्धं वाटेतच सांडतं. मग एक मुद्दा, थांबा, पुढचा मुद्दा, असं सुरू केलं.

आमची तासगावकडे द्राक्षबाग. बोर्डाने अर्ज बघून थेट तिथेच हात घातला: "शेतकऱ्याच्या मुलाचं दूतावासात काय काम?" मी २०१० चं उदाहरण दिलं. त्या हंगामात युरोपात गेलेली आपली द्राक्षं क्लोरमेक्वाटच्या अवशेषावरून अडकली. आमच्याकडे सगळे त्याला सीसीसी म्हणतात, वेलीची वाढ आवरायला मारतात. कंटेनर बंदरात उभे, इथे शेतकऱ्याचे पैसे थकलेले. अशा वेळी तिथल्या अधिकाऱ्यांशी बोलणारं, त्यांचे नियम बदलायच्या आधी इकडे कळवणारं आपलं माणूस दूतावासाच्या वाणिज्य विभागात बसलेलं असतं. तो माणूस व्हायचंय, एवढं सांगितलं. सदस्यांनी यावर बरेच प्रश्न विचारले.

सेवा मिळाली नाही, क्रमांक खाली गेला. आज सीमाशुल्कात आहे आणि निर्यातीचे कंटेनर रोज बघतो. पण ज्यांच्या घरी शेती, मासेमारी, यंत्रमाग आहे त्यांनी परराष्ट्र सेवा आपली नाही असं मुळीच समजू नये.

नागपूर, सध्या सेवेत

माझ्या घरी एकच प्रश्न होता, "लग्नाचं काय?" तेव्हा मी वडिलांना सी. बी. मुथम्मांबद्दल सांगितलं. १९४९ च्या तुकडीतल्या, या सेवेतल्या पहिल्या महिला. त्या काळी नियमच होता की महिला अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची, आणि संसारामुळे कामात अडथळा येतो असं सरकारला वाटलं तर तिला राजीनामा द्यायला सांगता यायचं. बढती नाकारल्यावर त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी त्या नियमांवर सणसणीत ताशेरे ओढले. आज मी इथे आहे त्यात त्या बाईंचा वाटा आहे, हे मी प्रत्येक मुलीला सांगते.

निवडीनंतर मसुरीचा पायाभूत अभ्यासक्रम, मग दिल्लीत सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत प्रशिक्षण, मध्ये सैन्यासोबत काही दिवस, भारत दर्शन. त्यानंतर प्रत्येकाला एक परकीय भाषा. मला अरबी मिळाली, म्हणून कैरो. तिथे थर्ड सेक्रेटरी (दूतावासातलं सुरुवातीचं पद) म्हणून जायचं, भाषा शिकायची आणि परीक्षा पास व्हायची. ती झाल्याशिवाय नोकरी कायम होत नाही.

आता जे लिहिते ते मुलाखतीच्या तयारीत कुणी सांगत नाही. पुढे आखाती देशात असताना नांदेडकडचा एक बांधकाम मजूर वारला. मृत्यू प्रमाणपत्र, पोलिसांचा कागद, वारसाचं संमतीपत्र, पासपोर्ट रद्द करणं, शव टिकवण्याचं प्रमाणपत्र, मग विमान. संमतीपत्रासाठी त्याच्या आईला फोन केला. "मावशी, मी दूतावासातून बोलतेय" म्हटल्यावर पलीकडून पहिला प्रश्न आला, "तू मराठी हाईस का गं?" मग त्या माऊलीला रडू फुटलं. त्या दिवशीचं बाकीचं काम मी बाजूला ठेवलं. करारमदार, शिष्टमंडळं सगळं असतं, पण अंगठा उठवणाऱ्या आईशी बोलणं हेही याच नोकरीत येतं. ते नको असेल तर पसंती खाली टाकावी, असं मी स्पष्ट सांगेन.

पुणे, अधिकाऱ्याचा नवरा

जोडीदाराबद्दलही लिहायला हवं. दर तीनेक वर्षांनी देश बदलतो. जोडीदाराला तिथे नोकरी करता येईल की नाही हे त्या देशाच्या परवानगीवर असतं. मी घरून करता येईल असं काम शोधलं. मुलांच्या शाळा, आईबाबांची आजारपणं यावर आम्ही फॉर्म भरायच्या आधी बोललो होतो. दोन्ही घरच्यांना बसवून बोला.

डोंबिवली, परराष्ट्र मंत्रालय

आमच्या वाटेची माहिती फार कमी मुलांना असते. मी यूपीएससीतून नाही, कर्मचारी निवड आयोगाच्या सीजीएल परीक्षेतून आलो. कुठल्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. त्यात सहायक कक्ष अधिकारी हे पद परराष्ट्र मंत्रालयातही असतं. दिल्लीत फाइलींचं काम शिकलो, मग परदेशी नेमणूक: दूतावासाचे हिशेब, पासपोर्ट, व्हिसा, प्रशासन. राजदूत म्हणून मिरवायचं असेल तर ही जागा ती नव्हे. पण दूतावास रोज चालतो तो या माणसांवर, आणि पदोन्नतीने वर जाता येतं. लोकलमध्ये उभं राहून तयारी करणाऱ्या मुलांनी याचा विचार जरूर करावा.

धागाकर्ती

मनापासून आभार. व्यक्तिगत निरोपातून तिघांनी हेच दोन प्रश्न विचारलेत, म्हणून इथेच उत्तर देते.

"मराठी माध्यम, इंग्रजी कच्चं, चालेल का?" मुख्य परीक्षेत इंग्रजीचा ३०० गुणांचा पेपर फक्त पात्रतेचा आहे, २५ टक्के लागतात. ज्ञानेश्वर मुळे शिरोळ तालुक्यातल्या अब्दुल लाटचे. १९८३ मध्ये सेवेत आले, जपानी शिकले, पुढे न्यूयॉर्कमध्ये महावाणिज्यदूत झाले. इंग्रजी सुधारावं लागेल हे खरं, त्याला वेळ मिळतो.

"आधी आयएफएस घेऊन ठेवू, नंतर आयएएससाठी पुन्हा बसू?" नाही. आयएएस किंवा आयएफएसमध्ये नेमणूक होऊन त्या सेवेत असलेल्याला ही परीक्षा पुन्हा देता येत नाही. म्हणून सेवांची पसंती भरायची वेळ येण्याआधीच हा धागा घरच्यांना वाचायला द्या. आणखी कुणाचे अनुभव असतील तर खाली लिहा. भाषा कशी मिळाली, कुठली मिळाली, यावर अजून कुणी फारसं लिहिलेलं नाही.