डीएनएला थायमिनच का लागतं?
एकाने विचारलंय, डीएनए आणि आरएनए दोन्ही चार-चार रासायनिक अक्षरांत लिहिलेले, त्यातली तीन सारखीच; मग चौथ्यासाठी आरएनएचं युरॅसिलवर भागतं तर डीएनएला थायमिनचा थाट कशाला? थाट महागडाच आहे, थायमिनसाठी युरॅसिलला एक मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) जोडायचा खर्च पेशीला पडतो. पण सायटोसिन हे दुसरं अक्षर आपोआप बिघडून युरॅसिल होतं, माणसाच्या एकेका पेशीत रोज शंभरेकदा. डीएनएत मुळातच युरॅसिल असतं, तर दुरुस्ती करणाऱ्या एन्झाइमला अस्सल कुठलं नि बिघडलेलं कुठलं, कसं कळणार? आता युरॅसिल दिसलं की उपटायचं. समोरच्या साखळीत ग्वानिन आहे आणि त्याची जोडी सायटोसिनशी, म्हणजे इथे सायटोसिन होतं.

आरएनए ही कामापुरती नक्कल, तिचे एवढे लाड नाहीत. काम झालं की मोडीत. बडोद्यात एम.एस्सी. करताना माझी डीएनएची ट्यूब दोन दिवस टेबलावर राहिली, तरी जेलवर (रेणू शाबूत आहे का ते दाखवणारी चाचणी) पट्टा स्वच्छ. आरएनए मात्र बर्फात असूनही गेला, कारण मे महिन्याच्या घामाला कंटाळून मी हातमोजे काढले होते. आरएनए तोडणारी एन्झाइम्स आपल्या बोटांवरच असतात. (त्यात आरएनएतल्या रायबोज या साखरेवरचा जादा ओएच गट स्वतःचीच साखळी तोडायला टपलेला.) मॅडम काही बोलल्या नाहीत, हातमोज्यांचा खोका तेवढा माझ्यापुढे सरकवला.