मदत हवी आहे: ग्राफीन ऑक्साइड आणि कार्बन नॅनोट्यूबचा आर्द्रता संवेदक, एकाच बीकरमधील दोन थरांचे वाचन परस्परविरुद्ध

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या एम. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत १२ टक्के ओलाव्याची अट असते आणि मोंढ्यात माल नेल्यावर यंत्र दाखवील तो आकडा मान्य करण्यावाचून आमच्याकडे मार्ग नसतो. पोत्यातील हवेच्या आर्द्रतेवरून तो अंदाज घरीच, थप्पीपाशी घेता यावा, यासाठी मी हा प्रकल्प निवडला आहे.

ग्राफीन ऑक्साइड (ऑक्सिजन जोडलेल्या कार्बनचे अतिशय पातळ पापुद्रे) पाणी चटकन धरते, पण जवळजवळ विद्युतरोधक असते. नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) वीज उत्तम वाहून नेतात, पण साध्या पाण्यात त्यांच्या गुठळ्या होतात. दोन्ही एकत्र केल्यास ऑक्साइडचे पापुद्रेच नॅनोट्यूबना पाण्यात धरून ठेवतात. साबणासारखे दुसरे द्रव्य मी मुद्दाम टाळले, कारण ते थरात राहून स्वतःच ओलावा ओढते.

बहुभित्तिक (एकात एक अनेक भिंती असलेल्या) नॅनोट्यूब ऑक्साइडच्या द्रावणात घालून ते बाथ सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणाऱ्या यंत्रात) तासभर ठेवले आणि तांब्याच्या दोन पट्ट्या चिकटवलेल्या काचपट्टीवर थेंबाथेंबाने पसरवले. पहिला थर पंख्याखाली वाळवला, तेव्हा वैशाखात काळ्या रानाला पडतात तशा भेगा त्याला पडल्या. पुढचे थर पेट्रीडिशखाली झाकून रात्रभर सावकाश वाळू दिले, तेव्हापासून ती अडचण राहिली नाही.

खरी अडचण पुढे आहे. बरणीच्या तळाशी मिठाचे संपृक्त द्रावण ठेवून (त्यावर आर्द्रता सुमारे ७५ टक्के राहते आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यातही हा आकडा फारसा हलत नाही) थर आत टांगला, तर बीकरमधून प्रथम घेतलेल्या थराचा रोध कमी होतो आणि शेवटी घेतलेल्या थराचा वाढतो. तीन वेळा करून पाहिले, तिन्ही वेळा असेच झाले. शेवटचा थर घेताना बीकरच्या तळाशी काळा गाळ दिसला होता, म्हणून त्या थरात नॅनोट्यूबचे प्रमाण जास्त असावे, असे मला वाटते.

माझा तर्क असा आहे की, नॅनोट्यूब कमी असताना ऑक्साइडवर जमलेल्या पाण्यातून प्रोटॉन वाहतात व रोध घटतो. नॅनोट्यूब एकमेकींना टेकण्याइतक्या असतील, तर ऑक्साइड फुगून ते सांधे दूर सरकतात व रोध वाढतो. हे बरोबर आहे का? असल्यास संवेदकासाठी कोणती बाजू धरावी? मला दुसरी, म्हणजे जास्त नॅनोट्यूबची, बाजू धरावीशी वाटते, कारण पहिल्या थरावर मल्टिमीटरचा आकडा स्थिरच होत नाही. एकदिश विद्युतधारेमुळे आयन एका टोकाला साचत असावेत, अशी शंका आहे. आमच्या प्रयोगशाळेत एलसीआर मीटर (दिशा बदलत राहणाऱ्या, म्हणजे एसी धारेवर रोध मोजणारे यंत्र) नाही. सिग्नल जनरेटर आणि ऑसिलोस्कोप मात्र आहेत. त्यांवर, थराला एक ज्ञात रोध एकसरीत जोडून, १ किलोहर्ट्झला केलेले मापन पुरेसे भरवशाचे ठरेल का?